ओहायो स्टेटचा फुटबॉल संघ २०२४ मध्ये दोन सामने हरूनही राष्ट्रीय विजेता कसा ठरला?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ २०२४ च्या हंगामात दोनदा हरला, त्यातला एक पराभव तर घरच्या मैदानावर शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाकडून झाला, तरीही जानेवारी २०२५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद त्यालाच कसे मिळाले, हा पहिला भाग. आणि विजेतेपद मिळाल्यावरही विद्यापीठाच्या कोलंबस शहरातली माणसे त्या एका पराभवाविषयी अजून का बोलतात, हा दुसरा. मी २०१३ साली याच विद्यापीठात एम.एस. करण्यासाठी आलो आणि पुढे नोकरीमुळे कोलंबसमध्येच स्थायिक झालो. त्या हंगामातले तीन सामने मी मैदानात बसून पाहिले आणि बाकीचे घरी दूरचित्रवाणीवर, तेव्हा उत्तर एका चाहत्याचे आहे हे ध्यानात ठेवून वाचावे.

थोडक्यात सांगायचे, तर त्या वर्षी स्पर्धेचा नियम बदलला म्हणून संघाला दुसरी संधी मिळाली, आणि ३० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या तीन आठवड्यांत त्याने आपल्या खेळण्याची पद्धत बदलली म्हणून ती संधी कामी आली. यातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण नियमाचा लाभ इतर संघांनाही मिळालाच होता.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचे सामने पाहत वाढलो, त्यामुळे इथे आल्यावर पहिले वर्षभर मला या खेळात नुसती ढकलाढकली दिसत असे. खेळाचे सूत्र तसे सोपे आहे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते; गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचले तर टचडाउनचे सहा गुण आणि वर एक गुण मिळवण्याची संधी. तिथवर पोहोचता आले नाही तर खांबांमधून लाथ मारून फील्ड गोलचे तीन गुण. पुढे जाण्याचे मार्ग दोनच, चेंडू घेऊन धावणे किंवा तो पुढे फेकणे, आणि या दोहोंपैकी केव्हा काय करायचे याच निर्णयावर २०२४ चा सगळा हंगाम फिरला.

या हंगामाची सुरुवात खरे तर आदल्या वर्षीच्या पराभवात आहे. मिशिगनने ओहायो स्टेटला २०२१ मध्ये ४२-२७, २०२२ मध्ये ४५-२३ आणि २०२३ मध्ये ३०-२४ असे लागोपाठ तीनदा हरवले होते, आणि तिसऱ्या विजयानंतर राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले होते. इथल्या लोकांना ते किती लागले असेल हे समजण्यासाठी एक प्रथा सांगतो. मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची एक इवलीशी विजार मिळते, साखळीत ओवण्याजोगी. १९३४ साली फ्रान्सिस श्मिट हे प्रशिक्षक नव्याने आले, तेव्हा मिशिगनचा धसका घेतलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तीही माणसेच आहेत, तीही विजार एकेक पाय घालूनच चढवतात. त्या उद्गारावरून ही प्रथा पडली. संघात २०२१ साली दाखल झालेल्या पोरांच्या तुकडीतल्या एकालाही २०२४ पर्यंत ती विजार मिळालेली नव्हती.

ही तुकडी साधी नव्हती. जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआऊ, एमेका एग्बुका, ट्रेव्हियॉन हेंडरसन, डेन्झेल बर्क, डोनोव्हन जॅक्सन आणि टायलीक विल्यम्स यांच्यापैकी बहुतेकांना २०२३ नंतर व्यावसायिक लीगमध्ये जाता आले असते. ते सगळे आणखी एका वर्षासाठी महाविद्यालयातच राहिले. एवढेच नव्हे, तर बाहेरून माणसे आणली गेली: कॅन्सस स्टेटकडून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, विल हॉवर्ड, मिसिसिपीकडून धावपटू क्विनशॉन जडकिन्स, अलाबामाकडून बचावातला केलेब डाउन्स आणि सेंटर, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीतला मधला माणूस, सेथ मॅकलॉफ्लिन. शाळेतून थेट आलेला जेरेमाया स्मिथ नावाचा चेंडू झेलणारा मुलगा तर पहिल्या दिवसापासून मुख्य संघात होता. आता खेळाडूंना आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा आहे, आणि या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांनीच सांगितले होते. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी आक्रमणाची सूत्रे चिप केली यांच्याकडे सोपवली, जे त्यासाठी यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून आले. एवढी सिद्धता झाल्यावर गावाने हंगामाचा निकाल ऑगस्टमध्येच लावून टाकला होता, आणि त्याच कारणाने पुढच्या प्रत्येक अडखळण्याचा गवगवा झाला.

पहिले पाच सामने एकतर्फी झाले, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. १२ ऑक्टोबरला ऑरेगनच्या मैदानावर संघ ३२-३१ असा एका गुणाने हरला. त्या सामन्याच्या शेवटी एक गंमत झाली, जिला तेव्हा कोणी गंमत म्हटले नाही. दहा सेकंद उरली असताना ऑरेगनने बचावासाठी अकराऐवजी बारा माणसे उभी केली. दंड म्हणून पाच यार्ड मिळाले खरे, परंतु त्या खेळीत गेलेली चार सेकंदे परत मिळाली नाहीत. पुढच्या खेळीत हॉवर्ड चेंडू घेऊन धावला आणि वेळीच खाली बसून घड्याळ थांबवू पाहिले, पण तोवर वेळ संपली होती. नियमातली ही फट त्यानंतरच्याच आठवड्यात बुजवण्यात आली. पराभवापेक्षा मोठे नुकसान त्या सामन्यात पुढच्या फळीतला डाव्या टोकाचा माणूस (टॅकल) जॉश सिमन्स जायबंदी होण्याने झाले. फेकणाऱ्याला सांभाळणारी आणि धावणाऱ्याला वाट करून देणारी ही फळी म्हणजे या खेळाचे जोते. डोनोव्हन जॅक्सनला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून सिमन्सच्या जागी बसवावे लागले, आणि नोव्हेंबरात सरावामध्ये मॅकलॉफ्लिनही जखमी झाला. देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार त्या वर्षी त्यालाच मिळाला, यावरून काय गमावले याची कल्पना यावी.

तरीही संघ सावरला. पेन स्टेटच्या मैदानावर प्रतिपक्ष रेषेपासून तीन यार्डांवर असताना चारही प्रयत्न बचावफळीने परतवले, आणि नंतर उरलेली पाच मिनिटे नुसते धावून धावून संपवली. तो सामना २०-१३ असा जिंकला. तोपर्यंत एकही सामना न हरलेल्या इंडियानाला २३ नोव्हेंबरला ३८-१५ असे हरवले. माझ्या मते पेन स्टेटमधल्या त्या शेवटच्या पाच मिनिटांनीच पुढे घात केला. मोडक्या फळीनिशीही आपण समोरच्याला रेटून मागे नेऊ शकतो, असा भरवसा त्यातून निर्माण झाला.

आता ३० नोव्हेंबर. मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी ‘एम’ अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. एखाद्या पाहुण्याला तिथे इमारत शोधून दाखवायची झाली तर पंचाईत होते. मिशिगन हे नावसुद्धा काही माणसे उच्चारत नाहीत, ‘ते उत्तरेकडचे’ म्हणतात. पेठापेठांतली खुन्नस पाहिलेल्या माणसाला यातले काही नवीन नाही, फक्त इथे मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. १९२२ साली बांधलेल्या या मैदानाला त्याच्या आकारामुळे घोड्याचा नाल म्हणतात, आणि त्या दिवशी मी त्याच्या वरच्या मजल्यावर, दोन स्वेटरांवर जाकीट चढवून बसलो होतो.

मिशिगनचा संघ त्या वर्षी कमकुवत होता. सहा विजय आणि पाच पराभव अशी त्याची स्थिती होती, क्रमवारीत त्याला स्थान नव्हते, आणि ओहायो स्टेट सुमारे वीस गुणांनी जिंकेल असा सट्टेबाजांचा हिशेब होता. मात्र त्याची एक जागा भक्कम होती, बचावफळीचा मधला भाग. तिथे मेसन ग्रॅहॅम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाडासारखे गडी उभे होते, जे पुढे व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत गेले. आपल्या फळीचा मधला माणूस जखमी आहे आणि समोरच्याची सगळी ताकद मध्येच आहे, असे असताना ओहायो स्टेटने काय करावे? स्मिथ आणि एग्बुका कडेला उभे असताना चेंडू पुन्हा पुन्हा मध्येच घुसवला. माझ्या शेजारी सत्तरी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. पहिल्या काही वेळा त्यांनी डोक्याला हात लावला, नंतर नंतर ते खेळी सुरू होण्याआधीच हाताने मध्याकडे बोट दाखवत आणि चेंडू तिथेच जाई. अशी दगडावर डोके आपटण्याची हौस कशासाठी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गेली तीन वर्षे मिशिगनने आपल्याला अंगबळावर हरवले, तेव्हा अंगबळावरच जिंकून दाखवायचे, एवढेच कारण मला संभवनीय वाटते.

मध्यंतराला गुण १०-१० होते. नंतरच्या अर्ध्या भागात ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही. हॉवर्डचे दोन फेक प्रतिपक्षाने झेलले, त्यातला एक पहिल्या अर्ध्यात थेट आपल्या रेषेजवळ, आणि त्यातूनच मिशिगनचे एकमेव टचडाउन झाले. जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल हुकले, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतले. ४५ सेकंद उरली असताना मिशिगनने जवळून फील्ड गोल मारला आणि सामना १३-१० असा संपला. त्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर आपला झेंडा रोवण्याचा प्रयत्न केला, सॉयरने तो ओढून काढला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, आणि पुढे परिषदेने, म्हणजे दोन्ही संघ ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतात त्या बिग टेनने, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला. शेजारचे गृहस्थ यातले काही पाहण्यासाठी थांबले नव्हते. घड्याळ संपताच त्यांनी बसण्याची गादी घडी करून काखेत मारली, मला ‘येतो’ म्हणावे तशी मान हलवली, आणि पायऱ्या उतरून गेले.

जुना नियम असता तर हंगाम इथेच संपला असता. २०१४ पासून २०२३ पर्यंत राष्ट्रीय बाद फेरीत फक्त चार संघ घेतले जात. २०२४ मध्ये ही संख्या प्रथमच बारा झाली. पाच जागा परिषदांच्या विजेत्यांना आणि सात जागा उरलेल्यांतल्या उत्तम संघांना. दोन पराभवांमुळे ओहायो स्टेटला आपल्या बिग टेन परिषदेच्या अंतिम सामन्यातही जागा मिळाली नाही. तो ऑरेगन आणि पेन स्टेट यांच्यात झाला. राष्ट्रीय क्रमवारीत मात्र तो सहावा होता आणि बाद फेरीत त्याला आठवे मानांकन मिळाले. पहिली चार मानांकने परिषदांच्या विजेत्यांसाठी राखीव असल्यामुळे ही घसरण झाली. या तरतुदीवर त्या वर्षी इतकी टीका झाली की पुढच्याच हंगामात ती काढून टाकण्यात आली. एक योगायोग इथे नोंदवण्याजोगा आहे. चार संघांची पद्धत सुरू झाली त्या २०१४ च्या हंगामातही ओहायो स्टेट घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून हरला होता, शेवटच्या जागेवर आत आला होता आणि विजेता ठरला होता. मी तेव्हा विद्यार्थी होतो, आणि दर दहा वर्षांनी असेच होत असावे असे मला आता वाटू लागले आहे.

२१ डिसेंबरच्या रात्री टेनेसीचा संघ कोलंबसला आला. तापमान शून्याच्या बरेच खाली होते. मैदानात टेनेसीचा नारिंगी रंग इतका पसरला होता की सामना नक्की कोणाच्या घरी आहे असा प्रश्न पडावा; आमच्याकडच्या पुष्कळ लोकांनी रुसून तिकिटे विकून टाकली होती. रायन डे यांना घालवावे अशी मागणी तेव्हा उघडपणे होत होती. आणि पहिल्या काही मिनिटांतच काहीतरी वेगळे घडते आहे हे कळले. मध्ये डोके आपटणे बंद झाले होते. हॉवर्ड चेंडू दूर फेकत होता, स्मिथ आणि एग्बुका तो घेत होते, आणि बचाव मागे सरकला की मोकळ्या झालेल्या जागेतून हेंडरसन धावत होता. माणसे तीच होती, फळी तशीच ठिगळ लावलेली होती, फक्त क्रम उलटला होता: आता आधी फेकायचे आणि मग धावायचे. पहिल्या पावात, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात, २१-० आणि शेवटी ४२-१७. हॉवर्डचे २९ पैकी २४ फेक अचूक गेले.

१ जानेवारीला पुढच्या फेरीत रोझ बोल मैदानावर तेच ऑरेगन समोर आले, तोवर तेरा सामने अजिंक्य राहिलेले. दुसऱ्या पावात गुण ३४-० होते. मी ही ओळ लिहितानाही पुन्हा तपासून पाहिली. स्मिथने एकट्याने १८७ यार्ड मिळवले आणि सामना ४१-२१ असा संपला.

उपांत्य फेरीत टेक्सासने मात्र दमवले, आणि तो सामना आक्रमणाने नव्हे तर बचावाने जिंकला. बचावाविषयी मी आतापर्यंत फारसे लिहिले नाही हा माझा दोष आहे, कारण जिम नोल्स यांनी घडवलेल्या या बचावाने पूर्ण हंगामात सरासरी १२.९ गुण दिले, जे देशात सर्वांत कमी होते. शेवटच्या काही मिनिटांत ओहायो स्टेट २१-१४ असा पुढे होता आणि टेक्सास रेषेपासून अवघ्या एका यार्डावर पोहोचला होता. तिथून बाजूने धावण्याचा त्यांचा प्रयत्न सात यार्ड मागे ढकलला गेला. चौथ्या प्रयत्नात सॉयरने क्वार्टरबॅक क्विन ईवर्सच्या हातातून चेंडू उडवला, तो स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केले. ईवर्स २०२१ मध्ये काही काळ ओहायो स्टेटमध्ये होता आणि सॉयर व तो एकाच खोलीत राहत. सॉयर कोलंबसजवळच्याच पिकरिंग्टनचा, म्हणजे आमच्या गावचाच पोरगा. एवढा धिप्पाड माणूस एवढे अंतर धावताना शेवटी कसा धापा टाकतो, हे त्या चित्रफितीत अवश्य पाहावे.

२० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा इथे नोटर डेमशी अंतिम सामना झाला. नोटर डेमचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन हे एके काळी ओहायो स्टेटकडूनच खेळलेले. त्यांच्या संघाने पहिल्या चढाईत जवळजवळ दहा मिनिटे चेंडू आपल्याकडे ठेवून टचडाउन केले. पुढे मात्र हॉवर्डचे पहिले तेराही फेक अचूक गेले आणि तिसऱ्या पावात गुण ३१-७ झाले. आम्ही पाचसहा मराठी कुटुंबे एका मित्राकडे जमलो होतो, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात मिसळीचा कट पुन्हा गरम करायला ठेवण्याइतकी निश्चिंती आली होती. नोटर डेमने मग ३१-२३ पर्यंत मजल मारली आणि कट तसाच उकळत राहिला. अडीच मिनिटांच्या आसपास वेळ उरलेली असताना ओहायो स्टेटला तिसऱ्या प्रयत्नात अकरा यार्ड हवे होते. ३० नोव्हेंबरचा संघ असता तर इथे मध्ये धावला असता, वेळ खाल्ली असती आणि चेंडू परत दिला असता. यांनी स्मिथच्या दिशेने लांब फेक केला, आणि एकाच बचावपटूला चकवून त्याने तो ५६ यार्डांवर नेला. या एका खेळीत आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. त्यानंतर २६ सेकंद उरली असताना ३३ यार्डांचा फील्ड गोल मारायला आला तो जेडन फील्डिंगच. आमच्या घरात कोणी श्वास घेत नव्हते. चेंडू खांबांमधून नीट गेला आणि सामना ३४-२३ असा संपला.

दुसऱ्या भागाचे उत्तर छोटे आहे. एप्रिल २०२५ च्या निवडीत या संघातले चौदा खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये गेले, चार पहिल्याच फेरीत. एग्बुका टँपाला गेला, हेंडरसन न्यू इंग्लंडला, सॉयर पिट्सबर्गला. २९ नोव्हेंबर २०२५ रोजी ओहायो स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानावर २७-९ असे हरवले आणि सोन्याच्या विजारी पुन्हा वाटल्या गेल्या, पण त्या नव्या पोरांना. ज्यांनी विजेतेपद आणले त्या २०२१ च्या तुकडीतून व्यावसायिक लीगमध्ये गेलेल्यांकडे विजेतेपदाची अंगठी आहे, विजार नाही. त्यामुळे २०२४ विषयी बोलताना इथला माणूस आधी अटलांटाचे नाव घेतो आणि मग थोडे थांबून म्हणतो, ‘पण तो नोव्हेंबर...’